सात वर्षांच्या आत

खाडीपलीकडे मुंबईत एखादं माणूस घरातल्या घरात अचानक गेलं, की चौकशीला कॉरोनर नावाचा साहेब असतो. त्याला स्वतःचं कोर्ट असतं, पट्टेवाला असतो, इंग्रजांच्या काळातली खुर्ची असते. खाडीच्या अलीकडे आम्ही असतो. आम्ही म्हणजे तहसील कचेरीतली माणसं. सकाळी रेशनकार्डाची भांडणं ऐकायची, दुपारी वाळूचे ट्रक अडवायचे आणि मधल्या वेळात मेलेल्या सुनांची चौकशी करायची. सुनांची अशासाठी, की लग्नाला सात वर्षं पुरी व्हायच्या आत बाई गेली तर एकट्या पोलिसांनी पंचनामा करून चालत नाही. दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेलं महसूल खात्याचं माणूस समोर लागतं. सत्त्याण्णव साली आमच्या भागात ते माणूस बहुतेक वेळा मी असे. नायब तहसीलदार कारखानीस.

या कामात मी चांगली होते. हे माझं मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. कचेरीत मी तोंडाळ म्हणूनच ओळखली जाई. माझा नियम एकच होता. मेलेल्या बाईला आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं, मग जिवंत माणसांचं ऐकायचं. माझ्या आधीचे एक साहेब नाकाला रुमाल लावून दारातूनच सही ठोकत. मी आत जात असे. सासू म्हटली की ती खाष्टच आणि सून म्हटली की ती गायच, असं ज्याला वाटतं त्याने या कामाला हात लावू नये. ज्याला उलटं वाटतं त्यानेही लावू नये.

जानेवारी संपत आला होता. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाच्या अंगाला माथाडी कामगारांची वसाहत आहे, तिथली ही सून. जयमाला नाव. वय सव्वीस, लग्नाला पाच वर्षं झालेली, दोन वर्षांची एक मुलगी. नवरा बाबासो कांदाबटाटा मार्केटात हमाल. आदल्या दिवशी सकाळी जयमाला स्टोव्हपाशी भाकरी थापत होती. तिथेच तिला धाप लागली, ओठ निळे पडले, तोंडाला गुलाबी फेस आला आणि रिक्षा इस्पितळाच्या फाटकात शिरायच्या आत ती गेली. निळे ओठ आणि फेस म्हटल्यावर वसाहतीत जे बोललं जायचं तेच बोललं गेलं. सुनेला विष घातलं. बातमी पाटण तालुक्यातल्या तिच्या माहेरी पोचली आणि रातोरात तिचा भाऊ सयाजी जीप भरून माणसं घेऊन आला.

मी वाशीच्या इस्पितळात पोचले तेव्हा मागच्या आवारात दोन गट पडले होते. एकीकडे माहेरची माणसं, दुसरीकडे डोक्याला टॉवेल गुंडाळलेले मार्केटचे हमाल. मधे चहाची टपरी. चहा दोन्हीकडचे त्याच टपरीवर पीत होते, फक्त एकमेकांकडे पाठ करून.

सयाजी पुढे आला. विशीतला, पिठाची गिरणी चालवणारा, रडून रडून डोळे सुजलेला पोरगा. "बाईसाहेब, सासूला आत टाकल्याबिगर आमी मयत उचलनार न्हाई."

"मी आधी तुझ्या बहिणीला भेटते," मी म्हटलं. "मग तुझ्याशी बोलते."

फौजदार नंदकिशोर आत माझी वाट बघत होता. हुशार मुलगा, नवा कोरा गणवेश, जन्म डोंबिवलीचा. पंचनाम्यासाठी दोन बायका त्याने आणून ठेवल्या होत्या. त्या शवागारात शिरल्या, त्यांच्या मागून मी. बायकांनी अंगावरची चादर बाजूला केली. जयमाला हडकुळी होती. चेहरा शांत होता असं मी म्हणणार नाही. दम लागून मेलेल्या माणसाचा चेहरा शांत नसतो. गळ्याच्या हाडाखाली आणि पाठीवर खांद्यांच्या मधोमध काळे डाग होते. मी डाग नीट पाहिले, चादर पुन्हा घातली आणि बाहेर आले.

"सिगारेटचे चटके आहेत मॅडम," नंदकिशोर म्हणाला. "काल इस्पितळातल्या आयांनी पाहून सांगितलं तसं मी लिहून ठेवलंय. सासूने धरायचं, नवऱ्याने चटके द्यायचे. क्लिअर केस."

"नंदकिशोर, तुम्ही बिब्बा पाहिलाय कधी?"

"डिंकाच्या लाडवात असतो तो?"

"ती गोडंबी. बिब्ब्याच्या आतला गर. मी वरच्या सालीतल्या तेलाबद्दल विचारतेय."

त्याला माहीत नव्हतं आणि त्यात त्याचा दोष नव्हता. डोंबिवलीत पाय मुरगळला तर मलम मिळतं. माझा मुरगळायचा तेव्हा आत्या बिब्बा दिव्यावर धरायची, त्यात सुई खुपसायची आणि टोकाला आलेलं काळं तेल घोट्यावर टेकवायची. अंगाला मानवलं तर दुखणं जातं, नाही मानवलं तर बिब्बा उततो, म्हणजे फोड येऊन सालपट निघतं. जयमालाच्या अंगावरचे ठिपके तसेच होते, मधे काळे आणि कडेने उतलेले. शिवाय ते फुलीच्या आकारात होते. पुढे दोन फुल्या, मागे दोन. छळणारा माणूस रागात असतो, आणि रागातला माणूस मोजूनमापून फुल्या काढत बसत नाही. हे सगळं मी नंदकिशोरला सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठीक आहे मॅडम. बिब्बा तर बिब्बा. पण बिब्ब्याने एखाद्याला डागता येत नाही का? भाऊ म्हणतोय सासूने डागलं. कोणी घातला ते कळल्याशिवाय मी काय करू?"

मुद्दा बिनतोड होता. मला बिनतोड मुद्दे आवडतात, विरुद्ध असले तरी.

शवविच्छेदन दुपारपर्यंत आटोपलं. डॉक्टर आशुतोष मराठे हात धुऊन बाहेर आले आणि त्यांनी मला स्वच्छ मराठीत सांगितलं, ज्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. जयमालाच्या हृदयातली एक झडप चिकटून गेली होती. रक्त जायला दोन बोटं वाट असायची, तिथे शर्टाच्या काजाएवढी फट उरली होती. मागे तुंबलेल्या रक्ताचं पाणी फुप्फुसात उतरलं आणि ती त्यातच गुदमरली. तोंडाचा फेस त्याचा, ओठांचा निळा रंग त्याचा.

"हे कालपरवाचं नाही," ते म्हणाले. "लहानपणी सांधे सुजून ताप येतो, त्यात झडप बिघडते. हिला वर्षानुवर्षं धाप लागत असणार. जिना चढला की धाप, उताणं झोपलं की धाप. या झडपेवर ती बाळंत कशी झाली याचंच मला नवल वाटतंय."

"आणि विष?"

"खूण नाही, वास नाही. नियम म्हणून आतले अवयव, व्हिसेरा, तपासणीला पाठवतो, पण माझं मत मी आजच लिहून देतो. मृत्यू नैसर्गिक, आजाराने. छातीवरचे डाग आठदहा दिवसांपूर्वीचे, दाहक रसाचे. मरणाशी त्यांचा काही संबंध नाही."

मला हायसं वाटलं, पण नंदकिशोर जागचा हलला नाही. मरणाशी संबंध नसला तरी छळाशी असू शकतो, असं तो म्हणाला, आणि पुन्हा त्याचंच बरोबर होतं. सुनेचा छळ हा वेगळा गुन्हा. त्याला ती मरायलाही लागत नाही. भावाचा जबाब, शेजारणीचा जबाब आणि अंगावरचे डाग एवढ्यावर सासू आणि नवरा संध्याकाळपर्यंत कोठडीत गेले असते. जामीन मिळेपर्यंत दोन वर्षांची पोरगी कोणाकडे राहणार होती, ते कोणी बोलत नव्हतं.

इस्पितळाने आम्हाला मागची एक खोली दिली. माझा कारकून कमळाकर कागद मांडून बसला. शेजारणीचा जबाब सरळ होता. सासू रोज ओरडायची, सुनेला आळशी म्हणायची, मारताना मात्र पाहिलेली नाही. सयाजीने सांगितलं की बहीण धडधाकट होती. "पालीच्या यात्रेला घरी आलती. परत गिली तवा चांगली ठणठणीत. त्यापुढं हितं आल्यावरच डागलंय तिला." तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारी माणसं मी ऐकून ऐकून ओळखायला शिकले होते, हा तसा नव्हता.

पण पालीची ती खंडोबाची यात्रा झाली होती आठदहा दिवसांपूर्वीच, म्हणजे डाग पडले त्याच सुमाराला. मी तारखा कमळाकरला दोनदा विचारल्या.

मग सासू आली. बाळाबाई. रुंद बांध्याची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की बाहेरच्या टपरीपर्यंत सहज जावा. मी बसायला सांगितलं तर म्हणाली, "हुबीच बरी हाय."

"सुनेला बोलायचात का?"

"बोलायची. रोज बोलायची. सून हाय, देव्हाऱ्यातली मूर्ती न्हवं."

"काय बोलायचात?"

"आळशी म्हनायची. दोन हंडे भरलं की ही बसली. जिना चढली की ही बसली. धापा टाकायची, मी म्हनायची नाटकं करती. तिच्या वयात मी पोतं शिवून दोन लेकरं वाडवली. मला खपत न्हाई बसलेलं मानूस."

"तिच्या अंगावर डाग आहेत. कोणी दिले?"

"मला ठावं न्हाई."

"एका खोलीत राहता तुम्ही."

"एका खोलीत ऱ्हातो म्हंजे तिचं लुगडं फेडून बघते का मी? यात्रेस्नं आल्यापास्नं पदर गळ्याभवती घिऊन असायची. थंडी वाजती म्हनायची."

"घरात बिब्बा आहे?"

"हाय. माझ्या गुडघ्याला घालते. मग?"

नंदकिशोरने माझ्याकडे पाहिलं. कमळाकरने लिहायचं थांबवलं. दुसरी कोणी असती तर बिब्बा म्हणजे काय इथपासून सुरुवात केली असती. या बाईने स्वतःच्या गळ्यात दोरी घातली आणि वर मला विचारलं, मग? मला ती आवडली. पण आवडणं हा पुरावा नव्हे, आणि नंदकिशोरने बाहेर जाऊन पोलिसांची जीप लावायला सांगितली ते मला ऐकू आलं.

शेवटी जयमालाची आई. तानूबाई. सत्तरीची वाटावी अशी, पण असेल पन्नाशीची. विधवा. सयाजी तिचा दंड धरून आत आला आणि तिच्या मागे उभा राहिला. मी जे विचारीन त्याला ती एकच उत्तर देत होती. "मला काय बी ठावं न्हाई." मुलगी आजारी होती का? ठाऊक नाही. धाप लागायची का? ठाऊक नाही. सासू डागायची असं तुमचा मुलगा म्हणतो, ते खरं का? यावर तिने मान खाली घातली. सयाजी म्हणाला, "तिला कशाला तरास देता? म्या सांगितलंय की."

"लिही, कमळाकर," मी म्हटलं. "माहीत नाही, असं लिही. अंगठा घे."

कमळाकरने शाईची उशी पुढे केली, तिचा डावा अंगठा धरून कागदावर दाबला. नुसता काळा ठिपका उमटला. त्याने पुसून पुन्हा दाबला. पुन्हा ठिपका. "मॅडम, अंगठा उठत नाही," तो म्हणाला. "रेषाच नाहीत."

मी उठून तिचा हात हातात घेतला. अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची पेरं सोलवटली होती, खालची गुलाबी कातडी दिसत होती आणि कडेला काळी रेघ होती. बिब्बा डाव्या हाताच्या चिमटीत धरतात आणि उजव्या हाताने सुई चालवतात. जो घालतो त्याच्याही बोटांना तेल लागतं, आणि न मानवणारं अंग असेल तर त्याचाही हात उततो. मायलेकींचं अंग एकसारखंच निघालं होतं.

"सयाजी, बाहेर जा," मी म्हटलं.

"म्या आईला सोडून जानार न्हाई."

"बाहेर जा. विनंती करत नाहीये."

नंदकिशोर त्याला घेऊन गेला. दार लावलं. मी खुर्ची ओढून तानूबाईसमोर बसले.

"तानूबाई, फुल्या तुम्ही काढल्यात. यात्रेला आली तेव्हा."

तिने हात पदरात घेतला.

"बिब्बा घालणं गुन्हा नाही. आईने घातला तर औषध आहे. पण कोणी घातला ते कळलं नाही तर तुमची विहीण आणि जावई आज कोठडीत जातील. बाहेर गाडी उभी आहे. एवढं साधं होतं, तर तुम्ही बोलला का नाहीत?"

ती बोलली ती माझ्याशी नाही, जमिनीशी.

"बिब्बा कशापायी घातला, म्हनून इचारलं असतं तुमी."

मग एकेक करत तिने सगळं सांगितलं, आणि मला तिचा राग आला. तो मी लपवणार नाही. जयमाला लहान असताना तिचे सांधे सुजले होते. कराडच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं की काळजाची झडप गेली आहे. दर महिन्याला इंजेक्शन द्या. शक्यतो लग्न करू नका, केलंत तर मूल होऊ देऊ नका. लग्नापर्यंत तानूबाईने एकही इंजेक्शन चुकवलं नाही, दर महिन्याला पोरीला यष्टीत घालून कराडला नेलं. नवरा वारला, सयाजी तेव्हा पोर होता, त्यामुळे हे जाणणारी घरात ती एकटी उरली. मग मुंबईकडचं स्थळ आलं. मुलगा मार्केटात कामाला, पक्की खोली, हुंडा नको. तिने दुखणं गिळलं आणि लग्न लावून दिलं.

"आणि इंजेक्शन?"

"सासरी काय सांगून घ्यायाचं?"

"अहो, यावर ऑपरेशन होतं," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. "तुमची मुलगी राहत होती तिथून एक पूल ओलांडला की सरकारी इस्पितळात होतं. पाच वर्षं ती त्या पुलाच्या या टोकाला राहिली. तुम्ही एक शब्द बोलला असता तर ती आज जिवंत असती कदाचित."

"आसंल," ती म्हणाली. "मी तिला सांगून धाडलं व्हतं. सासरी त्वांड उघडू नगं. धाप लागली तर खाली बस. आळशी म्हनतील, म्हनू दे." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बाईसाहेब, आळशी सुनेला बोलत्यात, पर नांदवत्यात. दुखनेकरीला माघारी धाडत्यात. माझ्या थोरल्या बहिनीला धाडली व्हती. फेफरं यायचं तिला. बारा वरसं भावाच्या दारात बसली, मग हिरीत गेली. ती बगून मी ठरीवलं, माझी पोरगी टाकलेली म्हनून जगायची न्हाई. पाच वरसं नांदली. लेक झाली तिला. यात्रेला आली तवा ओठ निळं पडल्यालं, उताणी निजंना, रातभर भितीला टेकून बसायची. मला वाटलं, बिब्बा घालून बगू. आनी काय व्हतं माझ्या हातात?"

मी कमळाकरला लिहून घ्यायची खूण केली.

"पोराम्होरं नगा सांगू," ती म्हणाली. "गावात मला त्वांड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई."

"मग बाळाबाईंना जाऊ द्यायचं आत?"

तिने मान हलवली. नाही. "बलवा त्यास्नी. त्येंच्याम्होरं मी सांगते."

बाळाबाई आली ती अटकेच्या तयारीनेच. दारात थांबून तिने विचारलं, "चपला हितं काढू, का घालूनच गाडीत बसायचंय?" मी आत बोलावलं, नंदकिशोरलाही बोलावलं. तानूबाई उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. झडप, डॉक्टर, इंजेक्शन, स्थळ, बिब्बा. आळशी सुनेबद्दलचं ते वाक्यही तिने पुन्हा म्हटलं, विहिणीच्या तोंडाकडे बघून. कमळाकर लिहीत होता. नंदकिशोरने टोपी काढून टेबलावर ठेवली होती.

मी वाट बघत होते ती स्फोटाची. मी त्या जागी असते तर छप्पर डोक्यावर घेतलं असतं. फसवून लग्न लावलं, वर आळ घेतला, बेड्यांपर्यंत आणलं. ओरडायला एवढं पुरे होतं, आणि ओरडण्यात ही बाई कोणाला हार जाणारी नव्हती. बाळाबाई खाली बसली. भिंतीला टेकून, पाय पसरून.

"मी तिला आळशी म्हनायची," ती म्हणाली. आवाज एवढा लहान की कमळाकरला मान पुढे करावी लागली. "मरायच्या दिवशी बी म्हनले. भाकरी थापताना टेकून बसू नगं, म्हनले."

मी कामाचं तेवढं काढलं. "बाळाबाई, तुमच्यावर आता कसलाही आरोप उरत नाही. मृत्यू आजाराने, डाग औषधाचे, तसा मी अहवाल देते. तुम्हाला आणखी काही म्हणायचं असेल तर पुरवणी जबाबात घेते. नसेल तर जा."

"हाय म्हनायचं. लिवा."

"बोला."

"लगनाआधी मला कळलं असतं, तर मी ही सून केली नसती. लगनानंतर कळलं असतं, तर माघारी धाडली असती. ह्ये माझं मी शुद्धीत सांगते. लिवा."

कमळाकरने माझ्याकडे पाहिलं. "हे लिहायची गरज नाही, बाळाबाई," मी म्हटलं. "तुम्ही सुटलात. स्वतःविरुद्ध कशाला बोलता?"

"सुटले म्हनून तर बोलते. आडकले असते तर जीव वाचवाया बोलतीया म्हनला असता." तिने तानूबाईकडे बोट केलं. "उद्या गावात लोक हिला म्हनत्याल, दुखनं झाकून पोरीला मारली. म्हननारी सगळी माझ्यासारखीच असत्याल, दुखनेकरी सून एक दीस न ठेवनारी. हिनं कुनाच्या भ्यानं झाकलं, ते बी कागदावं येऊ दे. ते मी व्हते."

कायद्याला त्या चार ओळींचा काडीचा उपयोग नव्हता. वरच्या कचेरीत कोणी वाचलं असतं तर मला विचारलं असतं, कारखानीसबाई, हे काय भरताड. मी कमळाकरला म्हटलं, "लिही. शब्दाला शब्द." त्याने लिहिलं. बाळाबाईचा अंगठा उत्तम उठला.

"आता भाईर चला," ती म्हणाली. "आन् समद्यास्नी वाचून दावा."

ते तर मुळीच माझं काम नव्हतं. पण तानूबाईनेही होकाराची मान डोलावली, तेव्हा मी गेले. दोन्ही गटांच्या मधे, टपरीसमोर उभी राहिले आणि वाचलं. आधी डॉक्टरांचं मत, मग तानूबाईचा जबाब, मग बाळाबाईचा. माझ्या आवाजाला कधी माईक लागला नाही. बाबासो ऐकता ऐकता हमालांच्या पायांपाशी खाली बसला आणि टॉवेलात तोंड घालून रडायला लागला. कालपासून तो रडला नव्हता असं मला नंतर कळलं. जीपमधून आलेली माणसं जमिनीकडे बघत होती. सयाजीचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो दोन पावलं आईकडे आला आणि म्हणाला, "आई, तू माझ्याशी सुदिक..."

बाळाबाई मधे येऊन उभी राहिली. "तिला कुनी बोलायचं न्हाई. बोलायचं आसंल त्येनं मला बोला."

सयाजी थांबला. त्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने सकाळपासून जे अडवून धरलं होतं तेच केलं. आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "चला. ताईला न्यायचंय." हमालांतले दोघं पुढे झाले, माहेरचे दोघं पुढे झाले. नंदकिशोरने पोलिसांची जीप परत पाठवली.

मी सही करत होते. शेजारी बाळाबाईने तानूबाईचा पदर सारखा केला आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, "चला विहीणबाई, पोरीला आंघूळ घालायची हाय. मी पानी वतते. केस तुमी धुवा."